ही चाल आधी ऐकलीय! गेम आणि म्युझिकलमधल्या परतणाऱ्या आणि उसन्या चालींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम खेळताना किंवा म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणारं नाटक, बघताना मध्येच कान टवकारतात. हे कुठेतरी ऐकलंय. मग डोक्यात सुरू होतं: कुठे ऐकलं, मुद्दाम आणलंय की ढापलंय, की मलाच भास होतोय? तेच ते प्रश्न इतक्यांदा समोर आले की उत्तरं एका जागी लिहून ठेवणं सोपं पडलं. दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, गोष्ट फोडल्याशिवाय चालीबद्दल धड बोलता येत नाही. त्यामुळे ‘अंडरटेल’, ‘ले मिझेराब्ल’ आणि ‘हॅमिल्टन’ अजून पाहिलं-खेळलं नसेल तर ती उत्तरं टाळा. दोन, जिथे सूर लिहिलेत तिथे सरगम आहे. सा कुठलाही धरा.

तीच चाल पुन्हा वापरणं हा संगीतकाराचा आळस नाही का?

कधीकधी असतो. कधीकधी नाइलाज असतो. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम, चित्रं, पातळ्या, संगीत सगळं धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा भरतो. आवाजाची चिप एका वेळी पाचच आवाज काढणार, त्यातला एक नुसता खरखराट. अशा ठिकाणी चाल आखूड ठेवून ती फिरवत राहण्याला आळस म्हणणं अन्याय होईल.

पण पाच वर्षांनी आलेला ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ घ्या. तोवर जागेची चणचण बरीच कमी झाली होती. तरीही कोजी कोंडो यांनी एकच चाल घेतली आणि जमिनीवर ती खेळकर ठेवली, उड्यांच्या पातळ्यांत दामटवली, पाण्याखाली तीन मात्रांच्या झुलत्या लयीत सोडली, गुहेत घुमवली. डोळे मिटले तरी मारिओ कुठे आहे ते कळतं. योशी या डायनासोरच्या पाठीवर बसलं की त्याच चालीखाली बोंगो सुरू होतात, उतरलं की बंद. चालीचा एक सूर हललेला नसतो, पण आता सोबतीला कुणीतरी आहे हे कानाला समजतं.

आळस ओळखायची माझी खूण सोपी आहे. चाल परत आली तेव्हा तिच्यात किंवा तिच्याभोवतीच्या प्रसंगात काही बदललंय का? दोन्ही होतं तसंच असेल तर संगीतकार त्या दिवशी लवकर घरी गेला असं समजायला हरकत नाही.

लाइटमोटिफ, लाइटमोटिफ म्हणतात ते नेमकं काय? थीम साँगच ना?

नाही. थीम म्हणजे अख्खी चाल, शिट्टीवर वाजवता येईल अशी. लाइटमोटिफ दोन-तीन सुरांचाही असू शकतो. तो एखाद्या माणसाला, वस्तूला किंवा विचाराला चिकटवलेला असतो आणि त्या माणसाचं जे होतं ते त्याचंही होतं: तो विरतो, चिडतो, दुसऱ्याच्या सुरावटीत मिसळतो. या तंत्राशी रिचर्ड वाग्नरचं नाव कायमचं जोडलं गेलंय. चार ऑपेरांची त्याची ‘रिंग’ ही मालिका १८७६ साली बायरॉइटला पहिल्यांदा सलग सादर झाली. एवढ्या पसाऱ्यात प्रेक्षक हरवू नये म्हणून हे छोटे छोटे खुणेचे सूर फार कामाला आले.

जवळून बघायचं तर लेनर्ड बर्नस्टाइनचं ‘वेस्ट साइड स्टोरी’ घ्या, १९५७ सालचं. ‘मारिया’ या गाण्यात नावाचे तीन उच्चार ऐका: सा, तीव्र म, प. सा वरून थेट तीव्र मध्यमावर उडी म्हणजे अधांतरी लटकणं. तिथे थांबवत नाही, कान पुढे ढकलतो. पंचम आला की सुटका. प्रेमाच्या गाण्यात ही सुटका मिळते. पण हीच उडी टोळ्यांच्या भांडणाच्या संगीतात येते, ‘कूल’मध्ये येते, आणि तिथे सुटका मिळेलच असं नाही. नाटक संपताना शांत झालेल्या स्वरसंगतीखाली तोच तीव्र मध्यम खर्जात वाजतो. भांडण मिटलंय असं ज्याला वाटतं त्याने तो खर्ज ऐकावा.

मग रिप्राइज म्हणजे?

आधी झालेलं गाणं किंवा त्याचा मोठा तुकडा परत गाणं, बहुतेक वेळा शब्द बदलून, कधी गाणारा बदलून. म्युझिकलमध्ये ही इतकी रुळलेली गोष्ट आहे की कार्यक्रमपत्रिकेतच गाण्याच्या नावापुढे तसं छापतात. पण जिथे तसं छापत नाहीत, म्हणजे नाव वेगळं आणि चाल तीच, तिथे खरी मजा आहे. पुढचं उत्तर वाचा.

‘ले मिझेराब्ल’मध्ये सगळी गाणी एकसारखीच का वाटतात?

कारण बरीचशी आहेतच. क्लोद-मिशेल शोनबर्ग यांचं हे म्युझिकल १९८० साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली लंडनमध्ये रंगमंचावर आलं. त्यात बोलणं जवळजवळ नाही, सगळं गायचं. त्यामुळे मोजक्या चाली पात्रापात्रांत हिंडत राहतात. ‘पैसे वाचवले’ अशी टीका मी ऐकली आहे आणि काही ठिकाणी ती पटतेही. दोन जागी मात्र अजिबात नाही.

पहिली जागा. सुरुवातीला कैदेतून सुटलेला वाल्जाँ बिशपच्या घरातली चांदी चोरतो, पकडला जातो, आणि बिशप उलट म्हणतो की ती मीच दिली होती. वाल्जाँ एकटा उरतो आणि गातो: या दयेचं मी करू काय? तिथून तो जुनं नाव टाकून नवा माणूस व्हायचं ठरवतो. शेवटाकडे तोच वाल्जाँ आयुष्यभर पाठलाग करणाऱ्या इन्स्पेक्टर जाव्हेरला हातात सापडलेला असताना सोडून देतो. जाव्हेर सेन नदीच्या पुलावर उभा राहून गातो आणि खाली झोकून देतो. चाल तीच. काही शब्दसुद्धा तेच. प्रश्नही तोच: न मागता मिळालेल्या दयेचं करायचं काय? एकाला त्यातून वाट सापडली, दुसऱ्याला नाही. दोन गाणी शेजारी ठेवून ऐका. वाद्यवृंद सुरुवातीला जवळपास सारखाच वागतो, त्यामुळे जाव्हेरसुद्धा आता बदलेल अशी वेडी आशा क्षणभर वाटते. ही आशा फक्त चालीने लावलेली असते.

दुसरी जागा. मरणाच्या दारात असलेली फाँतीन समोर नसलेल्या लेकीला, कोझेतला, जवळ बोलावते. पुढे एपोनीन ‘ऑन माय ओन’ गाते आणि जिच्यावर जीव जडलाय पण जो सोबत नाही अशा मारियुसबरोबर मनातल्या मनात रस्त्यावरून चालते. चाल एकच. दोघीही नसलेल्या माणसाशी बोलताहेत. आणि एपोनीन कोण, तर कोझेतला लहानपणी राबवणाऱ्या जोडप्याची मुलगी. फाँतीनची चाल तिच्या तोंडी येते हे आठवलं की ‘ऑन माय ओन’ स्पर्धांमध्ये सुटं गायलं जातं तेव्हा अर्धं गाणं घरीच राहिल्यासारखं वाटतं.

गेममध्ये हे सगळं तसंच चालतं का?

नाही, आणि फरक मूळचाच आहे. म्युझिकलमध्ये संगीत दिग्दर्शकाला माहीत असतं की जाव्हेर साधारण कितव्या मिनिटाला पुलावर येणार. गेममध्ये खेळणारा पुलावर दोन सेकंद थांबेल की पूल तसाच सोडून जेवून येईल, हे कुणालाच माहीत नाही. म्हणून चाल गोल फिरणारी लिहावी लागते. तिचं शेपूट तोंडाला बेमालूम जुळलं पाहिजे.

त्यापुढची युक्ती म्हणजे चालीने खेळणाऱ्याची वाट बघणं. लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूझ नावाची यंत्रणा बनवली आणि १९९१च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये ती दिसली. वुडटिक गावात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की संगीत तुटत नाही. चालू असलेल्या तालाची योग्य जागा बघून ते वळण घेतं आणि त्या खोलीचा रंग त्यात मिसळतो. हा झाला तुकडे जोडण्याचा मार्ग. दुसरा मार्ग थरांचा: एकाच चालीची शांत, भरलेली, गायिकेसह अशी रूपं एकाच वेळी चालू ठेवायची आणि गरजेप्रमाणे एकेकाचा आवाज वाढवायचा. २०१७च्या ‘नियर: ऑटोमाटा’मध्ये केइची ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संगीत असं चालतं. हॅकिंग सुरू केलं की तीच चाल जुन्या गेमसारख्या टिंवटिंव आवाजात जाते, बाहेर आलं की पुन्हा गळ्यात.

अजून एक फरक फारसा कुणी बोलून दाखवत नाही. म्युझिकलमध्ये चाल दोन-तीनदा कानावर पडते. गेममध्ये लढाईची चाल शंभरदा पडते, आणि त्या शंभर वेळा आपण हरलेलो, चिडलेलो, परत सुरू केलेलं असतं. पुढे कधी ती हळू लयीत पियानोवर आली तर आठवण पात्राची येत नाही, स्वतःच्या त्या रात्रींची येते. रंगमंचाला हे जमणारच नाही.

‘अंडरटेल’चं एवढं कौतुक का करतात?

कारण २०१५च्या या गेममध्ये टोबी फॉक्स यांनी नातीगोती संवादांच्या आधी चालींत सांगितली आहेत.

सुरुवातीला टोरियल नावाची मायाळू बाई तुम्हाला सांभाळते आणि पुढे जाऊ नये म्हणून लढतेही. त्या लढाईचं संगीत ‘हार्टेक’. बऱ्याच तासांनंतर राजा अ‍ॅसगोर समोर येतो. त्याच्या लढाईच्या संगीतात मध्येच ‘हार्टेक’ची ओळ डोकावते. दोघांचा संसार होता आणि मोडला, हे कळलेल्या खेळाडूला ती ओळ टोचते. न कळलेल्याला नुसतंच अस्वस्थ वाटतं.

नॅप्स्टाब्लूक हे रडवं भूत आठवतं? त्याची चाल ‘घोस्ट फाइट’. पुढे एक संतापलेला बाहुला लढायला येतो आणि त्याचं संगीत ‘डमी!’ म्हणजे तीच चाल, अंगात आल्यासारखी. बाहुल्याच्या आत जे भूत आहे ते नॅप्स्टाब्लूकचं चुलत भावंड! घराण्याचं नाक असावं तशी घराण्याची चाल.

आणि अगदी पहिल्या चित्रमालिकेत वाजणारी ‘वन्स अपॉन अ टाइम’ची साधी ओळ शेवटच्या मोठ्या लढाईत, ‘होप्स अँड ड्रीम्स’मध्ये, पूर्ण ताकदीनिशी परत येते. मला पहिल्या खेपेला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. गेम संपवून महिना झाल्यावर भांडी घासताना साउंडट्रॅक लावला, ‘डमी!’ सुरू झालं आणि मी साबणाच्या हातांनी गाणं मागे घ्यायला धावलो.

‘मेगालोव्हेनिया’ त्याच गेमची ना? मग ती लाइटमोटिफ आहे का?

ती गेमपेक्षा जुनी आहे. फॉक्स यांनी ती २००८ साली ‘अर्थबाउंड’ या गेमच्या स्वतः केलेल्या हॅलोविन हॅकसाठी, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेल्या आवृत्तीसाठी, लिहिली. मग ती ‘होमस्टक’ या वेबकॉमिकच्या संगीतात गेली आणि तिसऱ्या खेपेला ‘अंडरटेल’मध्ये सान्सच्या लढाईत आली. म्हणजे ही स्वतःकडूनच घेतलेली उसनवारी. जो गेम चालींची नाती इतकी जपतो, त्याच्या सगळ्यात कठीण लढाईची चाल बाहेरची पाहुणी असावी, हे मला सान्सला साजेसं वाटतं. तोही या जगाचे नियम मोडूनच लढतो.

झेल्डाची चाल उलटी वाजवली की दुसरी चाल निघते, हे खरं?

खरं. ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या गेममालिकेतलं झेल्डाचं अंगाईगीत मूळचं १९९१च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मधलं. घरोघरी पोचलं ते १९९८च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मुळे, कारण तिथे ते खेळणाऱ्यालाच वाजवावं लागतं: डावं बटण, वरचं, उजवं, आणि पुन्हा तेच तिन्ही. सरगमीत ग प रे, ग प रे. २०११च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ची मुख्य चाल, ‘बॅलड ऑफ द गॉडेस’, उलटी फिरवली की हे अंगाईगीत ऐकू येतं.

पण स्पष्टच सांगायचं तर खेळताना हे कुणाच्या कानाला कळत नाही. उलटी केलेली चाल कानासाठी नवीच चाल असते. हा संगीतकारांनी आपसात मारलेला डोळा आहे. मला जास्त मोलाची वाटतात ती तीन बटणं. त्यामुळे चाल बोटांत बसते, आणि बोटं कानापेक्षा उशिरा विसरतात.

टेट्रिसची चाल कुणी लिहिली?

गेमसाठी कुणीच लिहिली नाही. ती ‘कोरोबेइनिकी’, म्हणजे ‘फेरीवाले’, या रशियन गाण्याची चाल आहे. शब्द निकोलाय नेक्रासोवच्या १८६१च्या कवितेतले: एक तरुण फेरीवाला, खांद्यावर माल, आणि कात्या नावाच्या मुलीशी चाललेली घासाघीस, जी फक्त कापडाची नाही. १९८९च्या गेम बॉयवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रावर, हिरोकाझु तानाका यांनी ती बसवली आणि फेरीवाला बिचारा विटांखाली गाडला गेला. आज ती चाल ऐकून कुणालाही कात्या आठवत नाही. लांबोळकी वीट कधी येणार याचीच धाकधूक होते.

त्याच गेम बॉयवर संगीताचा तिसरा पर्याय निवडलात तर बाखच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधला मिन्युएट लागतो. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरच्या टेट्रिसमध्ये चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधलं साखरपरीचं नृत्य आहे.

जुन्या गेममध्ये इतकं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत का?

फुकट होतं म्हणून. गेम लिहिणारा बहुधा एकटा प्रोग्रॅमर असायचा, चाल बांधायचं अंग असेलच असं नाही, आणि मेलेला संगीतकार बिल पाठवत नाही. १९८३च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये सुरुवातीला स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ आणि खेळताना ग्रीगचं ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’, तेही झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या एकसुरी पिपाणीवर. त्याच वर्षीच्या ‘जायरस’मध्ये बाखची डी मायनर टोकाटा. १९८४च्या ‘जेट सेट विली’त आधी बेथोव्हेनचा मूनलाइट सोनाटा आणि खेळताना चक्क ‘इफ आय वेअर अ रिच मॅन’. हे मात्र १९६४च्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या म्युझिकलमधलं गाणं, म्हणजे अजिबात फुकट नव्हे. गाण्यातल्या माणसाला श्रीमंत व्हायचंय आणि गेममधला विली अचानक श्रीमंत झालाय. विनोद चांगला होता.

‘बोलेरो’मुळे झेल्डाची चाल तयार झाली म्हणतात, ती काय भानगड?

१९८६च्या पहिल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या शीर्षकाला राव्हेलचं ‘बोलेरो’ लावायचं ठरलं होतं. राव्हेल वारला डिसेंबर १९३७मध्ये, म्हणजे हक्क अजून संपले नव्हते. हे ऐन शेवटी ध्यानात आलं आणि कोंडो यांनी एका रात्रीत नवी चाल बसवली. इतक्या वर्षांनंतर सगळ्यांना ओळखू येते ती हीच.

सात सुरांपर्यंत उचललं तर चोरी धरत नाहीत ना?

असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. चार सूर, सात सूर, आठ मात्रा, जे जे आकडे ऐकलेत ते विसरा. उचललेला भाग मूळ चालीची ओळख ठरतो का, आणि तो खरंच तिथून आलाय का, हे बघितलं जातं. तीन सुरांतही ओळख असू शकते आणि वीस सुरांच्या नुसत्या आरोहात काहीच नसतं.

हा समज पसरायला स्टीव्हन श्वार्ट्झ यांचा एक गमतीचा किस्सा कारण झाला असावा. २००३च्या त्यांच्या ‘विकेड’मध्ये एल्फाबा या नायिकेची जी ‘अनलिमिटेड’ची ओळ वारंवार येते, तिचे पहिले सात सूर १९३९च्या ‘ओव्हर द रेनबो’चे आहेत. लय आणि स्वरसंगती बदललेली, म्हणून पटकन कळत नाही. आठव्या सुरापासून कायदा लागतो, असं ते मिश्कीलपणे सांगत. लोकांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

मृत संगीतकाराची चाल बिनधास्त वापरता येते?

मृत्यूनंतर ठरावीक वर्षं जावी लागतात. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार साधारणपणे किमान ५०, बऱ्याच देशांत ७०. आणि हक्क दोन असतात, हे हमखास विसरलं जातं. चाल एक, तिचं रेकॉर्डिंग दुसरं. बेथोव्हेन सगळ्यांचा आहे, पण गेल्या वर्षी एखाद्या वाद्यवृंदाने वाजवलेला बेथोव्हेन त्यांचा आहे. स्वतः वाजवा, नाहीतर परवानगी घ्या.

उसनी चाल आणि चोरलेली चाल यात फरक कसा करायचा?

कोर्टाचा फरक कोर्टाला लखलाभ. माझा प्रश्न एवढाच असतो: ऐकणाऱ्याला मूळ चाल आठवावी असं संगीतकाराला वाटतंय, की आठवू नये असं?

१९९६चं ‘रेंट’ पुचिनीच्या ‘ला बोहेम’वर बेतलेलं. त्यातला रॉजर गिटारवर अडखळत मुझेत्ताच्या वॉल्ट्झची ओळ वाजवतो. तुम्ही ओळखावी म्हणूनच. १९५३च्या ‘किस्मेत’ने तर बोरोदिनच्या चालीच घेतल्या, ‘स्ट्रेंजर इन पॅरडाइज’ म्हणजे त्याची पोलोव्हत्सियन नृत्यं, आणि तसं उघड सांगितलं. परिणामी १८८७ साली वारलेल्या बोरोदिनला १९५४ साली टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचा मोठा पुरस्कार, मिळाला! ‘हॅमिल्टन’मध्येही ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ आणि ‘साउथ पॅसिफिक’च्या ओळी येतात. तो जाणकारांना केलेला नमस्कार आहे.

अ‍ॅन्ड्र्यू लॉइड वेबर यांच्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’वरून, १९८६पासून, वाद चालूच आहे. ‘म्युझिक ऑफ द नाइट’मधली एक ओळ पुचिनीच्या ‘ला फान्चुल्ला देल वेस्ट’मधल्या ओळीशी इतकी जुळते की पुचिनीच्या वारसांनी दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला. दुसऱ्या एका खटल्यात अमेरिकेतल्या एका भक्तिगीतकाराने शीर्षकगीत आपल्या गाण्यावरून घेतल्याचा आरोप केला. लॉइड वेबर यांनी उलट दावा ठोकला की त्यानेच माझ्या जुन्या ‘जोसेफ’मधलं ‘क्लोज एव्हरी डोअर’ उचललंय. उलटा दावा फेटाळला गेला, आणि मूळ खटला १९९८ साली लॉइड वेबर जिंकले. तिन्ही चाली एकमेकींसारख्या आणि चोर कुणीच नाही, असा एकूण निकाल.

आणि तसं होऊ शकतं. सूर बाराच आहेत, गोड लागणाऱ्या वाटा त्याहून कमी. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या ‘समव्हेअर’ची सुरुवात बेथोव्हेनच्या ‘एम्परर’ कॉन्चेर्तोच्या संथ भागात सापडते. कुणाच्या पोटात दुखत नाही.

सगळीकडे ऐकू येणारे ते ‘मरणाचे चार सूर’ कोणते?

ग रे ग सा, गंधार कोमल. ‘डिएस इराए’ या मध्ययुगीन लॅटिन प्रार्थनागीताची ही सुरुवात. कयामतीच्या दिवसाचं वर्णन करणारं ते गीत मृतांसाठीच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, गायलं जायचं. बेर्लिओझने १८३०च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये ते चेटकिणींच्या मेळाव्यात वाजवलं आणि तिथून ते मरणाचं पेटंट चिन्ह झालं. स्टीव्हन सॉन्डहाइम यांच्या १९७९च्या ‘स्वीनी टॉड’मध्ये ते वेश पालटून हिंडतं. एक सावधगिरी: खाली उतरणारे कुठलेही चार सूर ऐकून ‘सापडलं!’ म्हणून ओरडू नका. प्रसंगात मरणाची सावली नसेल तर तो बहुतेक नुसता योगायोग.

गेममध्ये कधी कुणी अख्खं म्युझिकल घातलंय का?

अख्खं नाही, पण १९९४च्या ‘फायनल फँटसी ६’मधला ऑपेराचा प्रवेश जवळ जातो. सेलीस ही माजी सेनानी गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते. चिपला शब्द गाता येत नव्हते, म्हणून मानवी आवाजासारखी एक सुरावट वाजते आणि शब्द पडद्यावर उमटतात. खेळणाऱ्याने संहिता आधी वाचून लक्षात ठेवायची आणि पुढची ओळ बरोबर निवडायची. चुकलात तर प्रयोग बंद. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी या आरियाला, म्हणजे ऑपेरातल्या एकटीच्या गाण्याला, दिलेली चाल म्हणजे सेलीसचीच चाल. ती दुसऱ्या बाईचं सोंग घेऊन स्वतःचंच गाते.

‘फायनल फँटसी ७’मध्ये त्यांनी उसनवारी शब्दांची केली. ‘वन-विंग्ड एंजल’मधला बराचसा लॅटिन मजकूर ‘कार्मिना बुराना’च्या मध्ययुगीन कवितांतला आहे.

‘हॅमिल्टन’ दुसऱ्यांदा बघताना जास्त रडू येतं. का?

आकड्यांमुळे. लिन-मॅन्युएल मिरांडा यांच्या २०१५च्या या म्युझिकलमध्ये द्वंद्वयुद्धाचे नियम एक ते दहा असे मोजून सांगितले जातात, आणि त्या मोजणीला एक छोटी सुरावट आहे. दुसऱ्या अंकात नऊ वर्षांचा फिलिप आईजवळ पियानो शिकतो. आई फ्रेंचमध्ये एक ते नऊ म्हणते, त्याच सुरावटीवर, आणि पोरगं शेवटचे सूर मुद्दाम बदलतं. प्रेक्षक हसतात. पुढे तोच फिलिप द्वंद्वाला उभा राहतो. मोजणी सातवर येते आणि समोरचा आधीच गोळी झाडतो. मरताना आई पुन्हा ते फ्रेंच आकडे सुरू करते, तो साथ देतो, आणि मोजता मोजता त्याचा आवाज थांबतो. आई शेवटचे आकडे एकटीच पुन्हा म्हणत राहते.

पहिल्यांदा बघताना पियानोचा धडा नुसता गोड वाटतो. दुसऱ्यांदा मात्र ते पोरगं सूर बदलतं तेव्हाच घसा दाटतो.

जुन्या गेमची चाल पुढच्या भागात येते त्याला काय म्हणायचं?

वारसा म्हणा. जेरेमी सोल यांची ‘मॉरोविंड’ची, २००२ची चाल २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये रांगड्या पुरुषांच्या समूहगानाखाली आहे. ‘फायनल फँटसी’ची वर-खाली झुळझुळणारी ‘प्रिल्यूड’ १९८७पासून येतेय. फार खोलात जाण्यासारखं नाही. कंपनीला ओळख टिकवायची असते आणि आपल्याला हवी असते.

एखादी चाल ओळखीची वाटतेय पण कुठली ते सापडत नाही. काय करू?

आधी शब्द आणि वाद्यं डोक्यातून काढा आणि नुसतं गुणगुणा. मग लय निम्मी करा. बहुतेक वेषांतरं लयीची असतात, हळू केलं की चेहरा दिसतो. तरी नाही जमलं तर सूर सोडून फक्त उड्या मोजा: वर मोठी, खाली छोटी, पुन्हा तोच सूर. पट्टी बदलली तरी उड्या बदलत नाहीत. खर्जही ऐका. चाल कधीकधी वरून काढून खालच्या वाद्याला दिलेली असते आणि आपण वरच शोधत बसतो. गेम असेल तर पडद्यावर थांबून राहा, लूप, म्हणजे ती गोल फिरणारी चाल, दोन-तीनदा पूर्ण होऊ द्या, कारण उसनी ओळ बहुधा मधल्या भागात लपवतात. आणि हे सगळं करूनही हाती काही लागलं नाही, तर ती ओळ मोबाइलवर गुणगुणून ठेवा आणि झोपा. मला ‘ऑन माय ओन’ची फाँतीन अशीच सकाळी दात घासताना सापडली होती.